ऑफिसातलं गोड आणि कमी कर्बोदकांचा आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचं स्वयंपाकघर आपल्या हातात असतं. कामाच्या ठिकाणी मात्र कुणाच्या मुलीचा दहावीचा निकाल लागतो, कुणी साताऱ्याहून कंदी पेढे आणतं, कुणी बेळगावचा कुंदा, आणि खोका फिरत फिरत आपल्या टेबलावर येतो. मधुमेह, वजन किंवा फॅटी लिव्हर यामुळे ज्यांनी पोळी, भात आणि साखर कमी केली आहे, त्यांची खरी ओढाताण इथेच होते. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

कमी कर्बोदकं म्हणजे दिवसाला किती?

दिवसाला साधारण 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर त्या आहाराला सहसा ‘लो कार्ब’ म्हणतात. कीटो त्याहून कडक, म्हणजे 20 ते 50 ग्रॅम. आपल्याकडच्या नेहमीच्या जेवणात एका मध्यम पोळीत 15 ते 18 ग्रॅम आणि शिजवलेल्या वाडगाभर भातात 40 ते 45 ग्रॅम कर्बोदकं असतात. तीन पोळ्या आणि वाडगाभर भात झाला की एका जेवणातच 90 च्या आसपास पोचतो. आता त्याच दिवशी ऑफिसात काय काय होतं ते जोडून बघा, म्हणजे पुढचे प्रश्न का पडतात ते कळेल.

मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. उद्यापासून गोड आणि पोळी-भात बंद केलं तर चालेल?

डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी हे उत्तर पूर्ण वाचा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधड, डोकं न चालणं ही त्याची लक्षणं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेत असाल तर अति कमी कर्बोदकांच्या आहारात कीटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याचा, धोका असतो, आणि त्यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही प्रकृती गंभीर होऊ शकते. रक्तदाबाच्या औषधांचा डोसही कधी कधी बदलावा लागतो. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं, मूत्रपिंडाचा आजार किंवा खाण्यापिण्याशी संबंधित मानसिक आजार असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नका.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज पावडर ठेवा. रक्तातली साखर 70 च्या (mg/dL) खाली गेली तर तीन लहान चमचे पावडर पाण्यात घालून लगेच घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. हे शेजारच्या टेबलावरच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. अशा वेळी ‘मी गोड सोडलंय’ हा नियम लागू नसतो.

ऑफिसात सगळ्यात जास्त साखर कशातून पोटात जाते? मिठाई, केक, की बिस्किटं?

बहुतेकांच्या बाबतीत चहातून.

हिशेब सोपा आहे. सपाट चहाचा चमचा म्हणजे 4 ते 5 ग्रॅम साखर. दोन चमचे घातलेला एक कप म्हणजे 8 ते 10 ग्रॅम. सकाळी आल्या आल्या एक, अकराला एक, जेवणानंतर एक आणि चारला एक असे चार कप धरले तर दिवसाला 32 ते 40 ग्रॅम. महिन्याला कामाचे 22 दिवस धरले तर 700 ते 880 ग्रॅम साखर फक्त ऑफिसच्या चहातून जाते. त्यासोबत चार मारी बिस्किटं घेतली तर आणखी 16 ते 18 ग्रॅम कर्बोदकं. मारीची चव गोडसर नसल्यासारखी लागते, म्हणून तिचा कुणी हिशेबच धरत नाही.

याउलट एक मध्यम पेढा म्हणजे 10 ते 12 ग्रॅम कर्बोदकं, आणि तो रोज येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची शिफारस अशी आहे की वरून घातलेल्या आणि रसा-मधातल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, शक्य असेल तर 5 टक्क्यांपेक्षा कमी. 2000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. चार कप चहाच ही मर्यादा ओलांडतो.

म्हणून माझं सांगणं ठाम आहे: आधी चहा आणि बिस्किटं सुधारा, पेढ्याशी नंतर भांडा. ज्या गोडामागे कुणाचा आनंद असतो ते क्वचित येतं. जे सवयीने, न बघता, मीटिंग चालू असताना तोंडात जातं, ते रोज येतं. लोक सगळी ताकद पेढा नाकारण्यात घालवतात आणि चहाचा कप तसाच चालू ठेवतात. मग तीन महिन्यांनी एचबीए1सीचा (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडा हलला नाही की हताश होतात. हे बघवत नाही.

बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही. काय करू?

एकदम बंद करू नका. दोनाचा दीड, मग एक, मग अर्धा, असं दर आठवड्याला थोडं उतरवा. जीभ दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते आणि नंतर जुना चहा पाकासारखा लागतो. आलं, वेलची, गवती चहा यांचं प्रमाण वाढवा, साखर कमी झाल्याचं तितकं जाणवत नाही. दुधाची भीती नको: कपातल्या 50 मिली दुधात जेमतेम अडीच ग्रॅम कर्बोदकं असतात. कोरा चहा किंवा कोरी कॉफी आवडत असेल तर उत्तमच.

आमच्याकडे मशीनचा चहा आहे, त्यात साखर वेगळी करताच येत नाही.

प्रीमिक्सच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. साखर बहुतेक वेळा अगदी वरच असते. अशा मशीनवर बहुतेक वेळा गरम पाण्याचं बटण असतं, त्यामुळे स्वतःच्या टी-बॅग ठेवणं हा सोपा मार्ग. बिनसाखरेचं प्रीमिक्सही मिळतं. अ‍ॅडमिनकडे चार-पाच जणांनी मिळून मागणी केली तर ते सहसा आणतात. एकट्याची मागणी विसरली जाते. टपरीवर किंवा अमृततुल्यात साखर चहाबरोबरच उकळलेली असते, तिथे ‘कमी साखर’ म्हणून फरक पडत नाही. वेगळा फिका चहा करून देणारा चहावाला शोधा. रोजच्या गिऱ्हाईकासाठी अनेक जण आनंदाने करतात.

गुळाचा चहा तर चालेल ना? किंवा मध?

नाही. गूळ म्हणजे जवळजवळ साखरच आणि मधाच्या 100 ग्रॅममध्ये 80 ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण ती मिळवण्यासाठी इतका गूळ खावा लागेल की फायदा बाजूलाच राहील. गावोगावी गुळाच्या चहाची दुकानं निघाली आणि मधुमेही माणसं निर्धास्तपणे तिथे दोन-दोन कप घेतात, याची मला फार काळजी वाटते.

कुणी पेढा हातात ठेवायला आलं, तर समोरच्याचं मन न दुखावता नाही कसं म्हणू?

आधी अभिनंदन करा, आणि मनापासून करा. खोका घेऊन आलेल्या माणसाला आपली बातमी सांगायची असते. ‘अरे वा, किती टक्के? पुढे काय करायचं म्हणतेय?’ एवढं विचारलंत की निम्मं काम झालं. आपण खोक्याकडे न बघता आधी ‘नको, नको’ म्हणतो, तेव्हा मन दुखावतं.

मग तीन रस्ते आहेत. ‘अर्धाच द्या’ म्हणून मोडून घ्या. पेढा अर्धा मोडून घेण्यात आपल्याकडे कुणालाच वावगं वाटत नाही. किंवा ‘घरी नेऊन खातो’ म्हणून कागदात घ्या आणि घरी खरंच कुणाला तरी द्या. किंवा सरळ सांगा, ‘साखर बंद आहे, पण मला फार आनंद झालाय.’ ‘डाएट करतोय’ म्हटलं की लोक ‘एकानं काय होतंय!’ म्हणून आग्रह धरतात. ‘डॉक्टरांनी बंद सांगितलंय’ म्हटलं की आग्रह थांबतो, पण ते खरं असेल तरच म्हणा. रोज त्याच माणसांत वावरायचं असतं.

आग्रह करणारी ज्येष्ठ व्यक्ती असेल, एखाद्या काकू किंवा साहेब, तर तिथे कारण सांगत बसू नका. कारण सांगितलं की त्यावर चर्चा सुरू होते. ‘काकू, तुमच्या हातचं आहे म्हणून तुकडा घेते, बाकी राहू दे’ म्हणा आणि तो तुकडा त्यांच्यासमोर चवीने खा.

ऑफिसात सत्यनारायण असतो, खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. प्रसादाला नाही म्हणवत नाही.

म्हणूही नका. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो. हात पुढे करताना ‘थोडासाच’ म्हणा, वाढणारा माणूस समजून घेतो. शिऱ्याच्या एका चमच्याने आहार मोडत नाही. अडचण होते ती द्रोणभर शिऱ्याने, आणि त्यानंतर येणाऱ्या बटाटेवडा-पेढ्याच्या पाकिटाने. पाकीट घरी न्या, किंवा ज्यांना ते खरंच हवं असतं त्यांना द्या. सुरक्षारक्षक, सफाईला येणाऱ्या मावशी यांच्यापर्यंत पाकिटं पोचली आहेत का, हेही यानिमित्ताने बघितलं जातं.

वाढदिवसाला केक कापतात आणि भरवतात. तोंडासमोर आलेला घास कसा टाळू?

क्रीम केकच्या एका मोठ्या तुकड्यात सहज 35 ग्रॅम कर्बोदकं असतात, पण भरवलेला घास तुकड्याच्या पाव भागाइतकाही नसतो. तो घ्या, टाळ्या वाजवा आणि मग प्लेट हातात घेऊ नका. हातात चहाचा कप असेल तर प्लेट कुणी देतही नाही. केक वाटायचं काम अंगावर घेणं हाही चांगला उपाय आहे. वाटणाऱ्याने खाल्लं की नाही, ते कुणी बघत नाही.

दुपारी चार वाजता काहीतरी गोड हवंच होतं. हा मनाचा कमकुवतपणा का?

नाही, आणि स्वतःला असं बोलू नका. बहुतेक वेळा तो दुपारच्या डब्याचा परिणाम असतो. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात हा डबा बघा. त्यात प्रथिनं फारच कमी. साखर भराभर वर जाते, मग उतरते आणि शरीर पुन्हा काहीतरी मागतं. त्यात रात्रीची झोप पाच तासांची झालेली असेल तर ओढ आणखी वाढते. शिवाय कित्येक वर्षं चारच्या चहासोबत बिस्किट खाल्लं असेल तर घड्याळ बघूनच तोंडाला पाणी सुटतं.

उपाय दुपारीच करायचा. डब्यात प्रथिनं वाढवा, आणि साडेतीनच्या सुमारास, ओढ लागण्याआधी, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, उकडलेलं अंडं किंवा ग्लासभर ताक घ्या. तरीही तलफ आली तर दहा-पंधरा मिनिटं जागेवरून उठा, जिने उतरून चढा, कुणाला तरी फोन करा. तलफेची लाट बहुधा तेवढ्यात ओसरते. जेवणानंतर कँटीनमधली साखर लावलेली रंगीत बडीशेप न घेता घरून भाजलेली बडीशेप, जवस, ओवा आणा. तोंड बदलल्यावर जेवण संपल्याची जाणीव होते.

मग ड्रॉवरमध्ये फुटाणे, मखाणे, भडंग ठेवू का?

नीट बघून ठेवा. हे पदार्थ ‘हलके’ म्हणून ओळखले जातात, पण हलके म्हणजे कमी कर्बोदकांचे नव्हेत. मखाण्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 77 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे जवळपास पोह्यांइतकी. भडंग म्हणजे कुरमुरे, ते तांदूळच. खाकरा गव्हाचा. फुटाण्यात प्रथिनं चांगली असली तरी कर्बोदकंही निम्म्याहून जास्त, म्हणून ते मूठभरच.

शेंगदाणे, बदाम, अक्रोड, पिस्ता, भोपळ्याच्या बिया, सुकं खोबरं आणि चीज हे ठेवा. काजू इतरांपेक्षा जास्त कर्बोदकांचे, ते मोजून. 30 ग्रॅम शेंगदाण्यात 5 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि साडेसात ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि ते सर्वांत स्वस्त आहेत. ‘कीटो’ छापलेली महागडी बिस्किटं विकत घेण्याची काही गरज नाही.

डबा कसा असावा?

एक पोळी किंवा लहान भाकरी, आणि भाजी दुप्पट. मेथी, भेंडी, दोडका, वांगं, कोबी, फ्लॉवर, पालक यांपैकी कोणतीही. त्यासोबत प्रथिनांचं काहीतरी ठसठशीत हवं: पनीरची भुर्जी, अंड्याची पोळी, चिकनचं सुकं, किंवा शाकाहारी घरात वाटीभर उसळ, झुणका. उसळ आणि बेसन यांत कर्बोदकं असतात, पण सोबत प्रथिनं आणि तंतूही येतात. पोळी एकवर आणली असेल तर ते सहज बसतं. काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, कारळं यांनी पोट भरल्यासारखं वाटतं. आधी कोशिंबीर-भाजी खाऊन पोळी शेवटी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मासे शक्यतो गरम न करता खाता येतील असे न्या. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये बांगडा गरम केला की दिवसभर त्याचीच चर्चा चालते.

कंपनीचं कँटीन आहे, डबा नेता येत नाही.

चाकण, भोसरी, अंबड, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीतल्या कँटीनमध्ये साधारण तीच मांडणी असते: भात-वरण मनसोक्त, चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, आणि ठरलेल्या वारी गोड. गोडाची वाटी ताटात घेऊच नका. ताटात आली की ती संपते. भाताच्या जागी दुसऱ्यांदा भाजी घ्या. दही किंवा ताक विकत मिळत असेल तर घ्या. तुम्ही दिवसभर उभं राहून, वजन उचलून काम करत असाल तर ऑफिसात बसणाऱ्यांइतकी कर्बोदकं कमी करण्याची गरज नसेल. थकवा आणि चक्कर याकडे लक्ष ठेवा.

उपवासाच्या दिवशी काय? सगळे साबुदाण्याची खिचडी आणतात.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरी हेही धान्यच, बटाटा-रताळ्याचं तर सांगायला नको. दही, ताक, शेंगदाणे, ओलं खोबरं, बदाम, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर हे बहुतेक घरांत उपवासाला चालतं. खिचडी खायचीच असेल तर चार चमचे, भरपूर दाण्याच्या कुटाची, वाटीभर दह्यासोबत. साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कडक उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

शुगर-फ्री मिठाई खाल्ली तर?

साखर नसली तरी खवा, मैदा, बेसन, खजूर, अंजीर असतातच. अंजीर बर्फी ‘साखर न घालता’ केलेली असली तरी तिचा गोडवा अंजिराच्या साखरेचाच. माल्टिटॉलसारखी गोडी असेल तर तीही साखर काही प्रमाणात वाढवते आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडतं. स्टीव्हिया, सुक्रालोजच्या गोळ्यांनी चहा घेणं हे साखरेच्या चहापेक्षा मधुमेह्यासाठी बरं, पण 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर विसंबू नये असं सांगितलं. (ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती.) माझं मत: मधला टप्पा म्हणून वापरा, जीभ बदलायची हेच उद्दिष्ट ठेवा.

फळं?

पेरू, पपई, संत्रं, जांभूळ बेताने. केळं, चिकू, सीताफळ, आंबा जपून. मेमध्ये ऑफिसात हापूसची पेटी आली तर दोन फोडी खा आणि त्या दिवशीचा भात सोडा. रस कोणताच नको, उसाचा तर अजिबात नाही.

दीक्षित डाएट करतेय, त्यात दोन जेवणांच्या मध्ये पेढा आला तर?

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ती पद्धत दोनच वेळा, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवण्याची. तिचा भर खाण्याच्या वेळांवर आहे आणि मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. ती म्हणजे लो कार्ब नव्हे, पण पेढ्याचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो: खोका आला की आपला वाटा डब्यात ठेवायचा आणि खायचाच असेल तर जेवणासोबत खायचा. कमी कर्बोदकं घेणाऱ्यांनीही हे उचलावं. रिकाम्या पोटी खाल्लेल्या गोडापेक्षा भाजी-प्रथिनांनंतर खाल्लेलं थोडं गोड कमी त्रास देतं.

दोन गुलाबजाम खाल्ले गेले. आता रात्री जेवू नको का?

जेवा. उपाशी राहिलात तर रात्री दहाला फ्रीज उघडाल. आत्ता दहा-पंधरा मिनिटं चाला, स्नायू साखर वापरतात. रात्री भाजी आणि अंडी किंवा पनीर असं साधं जेवा आणि उद्या नेहमीसारखं सुरू करा. ‘आज मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू’ या विचाराने दोन गुलाबजामांपेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं.

लोक सारखं टोचतात: ‘किती बारीक होणार अजून?’, ‘जगायचं कशासाठी मग?’

हसून विषय बदला. आणि उलट बाजूही सांभाळा: दुसऱ्याच्या ताटातल्या भाताचे ग्रॅम मोजू नका. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तुमच्याच विभागात कुणीतरी हे लपवून काम करत असेल, लग्न ठरायचंय म्हणून किंवा बढती अडेल या भीतीने. तुम्ही शांतपणे आपलं पथ्य पाळलंत तर त्याला तुमच्याशी बोलावंसं वाटेल.

अ‍ॅडमिन किंवा एचआरकडे काही मागता येईल का?

येईल, आणि आता त्याला आधारही आहे. 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी कँटीन, लॉबी, बैठकीच्या खोल्या अशा जागी पदार्थांतली छुपी चरबी आणि जास्तीची साखर दाखवणारे ‘तेल आणि साखर फलक’ लावण्याचं सुचवलं. तेव्हा समोसा-जिलबीवर इशारा छापणार अशा बातम्या पसरल्या, पण विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा सक्तीचा नसल्याचं सरकारने लगेच स्पष्ट केलं. फलकासोबत एवढं मागा: मीटिंगमध्ये बिस्किटांसोबत शेंगदाणे किंवा चणे, मशीनला बिनसाखरेचा पर्याय, आणि मिठाईचे खोके सर्वांच्या टेबलांमध्ये न ठेवता पॅन्ट्रीत. या शेवटच्या मागणीला पैसे लागत नाहीत आणि तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. समोर दिसणारा खोका दिवसभर हात ओढतो. चालत जाऊन घ्यावं लागलं की ज्याला खरंच हवं तोच जातो.

माझा वाढदिवस आहे. केक न आणता काय आणू?

पनीर टिक्का किंवा चिकन टिक्का, शेंगदाणा मसाला, कांदा-टोमॅटो घालून चाट केलेली मटकी, कोथिंबीर वडी, मसाला ताक, बिनसाखरेची सोलकढी. ज्यांना गोडाशिवाय वाढदिवस वाटत नाही, त्यांच्यासाठी छोटा केक आणा, सगळ्या विभागाला पुरेल एवढा मोठा नको. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये सापडला नाही की झालं.